फळ्यावरचा धाकू

मंदाकिनीबाईंनी फळ्यावर एक अंडं काढलं, त्यात दोन ठिपके ठेवले, मिश्या ओढल्या, आणि मांजर मुलांकडे बघून हसायला लागलं. कोलशेतच्या त्या खाडीकाठच्या शाळेतली चाळीस मुलं नुसती खूश. चांगदेव सरांनी आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलेलं, की मांजरीच्या पुस्तकांच्या चित्रकार बाई डोंबिवलीहून येणार, तुम्ही सांगाल ते काढून दाखवणार, आणि फळ्यावर जे जे येईल ते प्रत्येकाने वहीत काढायचं. बाईंनी टीव्ही काढला, अँटेनासकट. गणपती काढला. मोर काढायला घेतला. वीस वर्षं शाळाशाळांतून त्या हेच करत आल्या होत्या, हात आपोआप चालायचा.

मोराचा पिसारा अर्धा झाला होता, तेव्हा दगडाबाई दारात आली. सुक्या जवळ्याची टोपली तिने व्हरांड्यात उतरवली, चपला काढल्या आणि सरळ आत शिरली. दगडाबाई, वर्ग चालू आहे, असं सर म्हणाले खरे, पण गावातल्या अर्ध्या पोरांची ती आजी लागायची. तिला बाहेर कोण काढणार?

"बाय, सांगू त्याचं चित्र काढतेस ना गो?" तिने विचारलं. "माझ्या धाकूचं काढ."

धाकू तिचा मुलगा. दोन वर्षांमागे खाडीत होडी उलटली, त्यात गेला. फोटो एकही नाही. ठाण्याला स्टुडिओत जाऊ म्हणून ती किती मागे लागलेली, तर दाढी वाढलीय, पुढच्या आठवड्यात जाऊ, म्हणाला. तो आठवडा काही आला नाही. भिंतीला खिळा ठोकून ठेवलाय, ती म्हणाली, त्यावर लावायला तोंड पाहिजे. हे सगळं तिने उभ्या उभ्या, भाव सांगावा तसं सांगितलं.

आता न बघितलेला माणूस काढायचा म्हणजे काय गंमत आहे? मला माणसं जमत नाहीत, मी मांजरं काढते, असं मंदाकिनीबाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण चाळीस मुलं बघत होती, आणि बाई कशाचंही चित्र काढतात असं सरांनी छाती फुगवून सांगून ठेवलेलं. आधी फळ्यावर जमवू, मग कागदावर उतरवून देते, म्हणत त्यांनी मोर पुसला आणि नवा खडू घेतला.

नाक कसं होतं? माझ्यासारखं, पण बारीक, म्हातारी म्हणाली. नाक झालं. भुवया जाड, त्या झाल्या. डोळे मोठे. मोठे काढले, तर नाय, एवढे मोठे नाय. लहान केले. लहानपणी होडीच्या कडेवर पडून हनुवटीला खोक पडलेली, तिची खूण दिली. धाकूकाका केस मागे वळवायचा, मागच्या बाकावरून कोणीतरी सांगितलं. केस वळवले. प्रत्येक रेघेआधी दगडाबाई डोळे मिटायची, आत जाऊन बघून यायची आणि मग सांगायची. आधी पटकन सांगत होती. नंतर वेळ लागायला लागला. डोळे मिटायची, उघडून फळ्याकडे बघायची, परत मिटायची.

फळ्यावर जो माणूस उभा राहत होता, तो मंदाकिनीबाईंच्या ओळखीचा होता. त्यांच्याच मांजरीच्या पुस्तकातला दूधवाला. तेच गोल गाल, तेच ओठांच्या कोपऱ्यातलं हसू. त्यांनी गाल पुसले, पुन्हा काढले, पुन्हा तसेच आले. मेला हात काही ऐकेना. लाज वाटली त्यांना, रडूच यायचं बाकी होतं. निदान हसणं तरी खरं असावं, म्हणून त्यांनी विचारलं,

"असाच हसायचा का तो, मावशी?"

दगडाबाईने डोळे मिटले, उघडले, परत फळ्याकडे बघितलं.

"हसत असंल," ती म्हणाली.

बाईंनी खडू ठेवून दिला. मावशी, मला माफ करा, त्या म्हणाल्या, हा तुमचा धाकू नाही, मला कळतंय. टेबलावरचं डस्टर घेऊन त्यांनी फळा पुसला, वरपासून खालपर्यंत, दोनदा. खडूची पूड त्यांच्या पदरावर पडली, ती त्यांनी झटकलीही नाही.

म्हातारीने डोळे मिटले. या खेपेला ती बराच वेळ आत होती. बाहेर टोपलीवर कावळे आले, तरी तिचं लक्ष नव्हतं. तिने डोळे उघडले आणि पदर डोळ्यांना लावला.

"पुसलंस तरी आत तोच दिसतो गो," ती म्हणाली. "माझा होता तो कुठं गेला?"

डस्टर अजून मंदाकिनीबाईंच्या हातातच होतं. चांगदेव सर उगीचच खुर्ची पुढे सरकवायला लागले.

पहिल्या बाकावरच्या शेवंतीला वाटलं, चित्र पुसलं म्हणून आजी रडतेय. तिने आपली वही उघडून आजीसमोर धरली. ते बघून शेजारणीने धरली. मग मागच्यांनी धरल्या, अगदी शेवटच्या बाकापर्यंत. चाळीस वह्या, आणि प्रत्येक वहीत तोच दूधवाला, हनुवटीवर खूण घेऊन हसत होता.