तासभर मौन

“काका, हवे एक कलाक बोलवानुं नथी, हं!” लक्ष्मणरावांच्या दंडावर कापूस दाबत सिस्टरने बजावलं. तासभर तोंड बंद. हे ऐकून निरुपमाबाईंना एवढ्या काळजीतही हसू फुटलं.

“अहो सिस्टर, हे यांना काय सांगता! हा माणूस चाळीस वर्षं दुसरं करतोय काय?”

लक्ष्मणराव नेहमीसारखं नुसतं ‘हं’ म्हणाले.

सिस्टर मात्र हसली नाही. तिने नीट समजावून सांगितलं. शिरेतून दिलेलं औषध म्हणजे किरण सोडणारी एक साखरच. शरीरात जिथे जास्त काम चालू असेल तिथे ती जाऊन बसते आणि मशीनला ती जागा उजळलेली दिसते. गाठ असली तर गाठ उजळते. हात हलवत राहिलं तर हात, बोलत राहिलं तर गळा. म्हणून औषध भिनेपर्यंत आतल्या खोलीत गप्प पडून राहायचं. नातेवाइकांनी बाहेर बसायचं.

लक्ष्मणराव आत गेले. त्यांच्या मागोमाग वासण्याहून आलेल्या एका बाईंना नेलं. त्यांची सून दारापर्यंत धीर देत गेली आणि परत येऊन स्वतःच डोळे पुसत बसली.

निरुपमाबाईंनी देव पाण्यात घातलेच होते. गेल्या वर्षी लक्ष्मणरावांच्या काखेत गाठी सापडल्या, कॅन्सर निघाला. केमोचे सगळे फेरे पार पडले. रोग गेला की कुठे दडून बसलाय, ते आज कळणार होतं.

तसा नवरा सोन्यासारखा. व्यसन नाही, आरडाओरडा नाही, केमोत केस गेले तरी कुरकुर नाही. पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ! भाजी कशी झालीय? हं. ही साडी बरी दिसते का? हं. गोत्रीच्या सोसायटीत निरुपमाबाई सगळ्यांना सांगायच्या, “मी उद्या मेले ना, तरी हे ‘हं’च म्हणतील.” सगळे हसायचे, त्याही हसायच्या. पण केमोच्या दिवसांत एकदा त्यांनी न राहवून विचारलं होतं, “अहो, मी नसते तर कसं झालं असतं तुमचं?” लक्ष्मणराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, “चहा टाकतेस?” त्या दिवशी चहाचं आधण उकळून आटलं तरी बाई ओट्याशी रडत उभ्या होत्या.

तपासणी झाली. लक्ष्मणराव बाहेर आले आणि अंगातले किरण बाधू नयेत म्हणून, सिस्टरने सांगितल्याप्रमाणे, बायकोपासून दोन खुर्च्या सोडून बसले. थोड्या वेळाने डॉक्टर ऋचाने दोघांनाही आत बोलावलं. मुलगी फतेगंजातली, मराठी घरातली. एकदम घरच्यासारखं बोलायची.

“काकू, पेढे आणा! काखेत काही नाही, छातीत नाही, पोटात नाही. सगळं साफ.”

निरुपमाबाईंच्या डोळ्यांना धारच लागली. ऋचाने त्यांना पोटभर रडू दिलं, मग जरा जपूनच कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

“फक्त हे एक आहे.” गळ्यात, स्वरयंत्रापाशी, पिवळाधमक उजेड दिसत होता. “काका, तुम्ही आत बोललात का?”

लक्ष्मणराव खाकरले. “मी...”

“हे? आणि बोलतील?” निरुपमाबाईंनी वाक्य हवेतच झेललं. “छे हो! घरात दिवसाला चार शब्द नाहीत, इथे परक्या ठिकाणी कोणाशी बोलणार?”

“नक्की ना? बोलले असतील तर काळजी नाही, असं दिसतंच. पण बोललेच नसतील, तर दुर्बीण घालून बघावं लागेल. कदाचित तुकडाही काढावा लागेल. काका?”

लक्ष्मणरावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “ते जरा असं झालं, की...”

“लपवू नका हो आता काही! घसा दुखतोय ना? परवाच म्हटलं मी, आवाज बसलाय तुमचा.” निरुपमाबाईंनी शपथेला स्वतःचा गळा चिमटीत धरला. “देवाशप्पथ सांगते डॉक्टर, हे बोललेले नाहीत.”

बायको शपथेवर गेली म्हटल्यावर ऋचा तरी काय करणार? तिने उद्याच सकाळी दुर्बिणीची तपासणी ठरवली.

बाहेर आल्यावर निरुपमाबाईंचं अवसानच गळालं. एवढं सगळं सोसून पुन्हा तेच! किरण गेले खड्ड्यात म्हणत त्या नवऱ्याला खेटून बसल्या. त्याचा हात घट्ट धरला.

“अहो, आता तरी काहीतरी बोला. मला फार भीती वाटतेय.”

“निरू,” लक्ष्मणराव कसेबसे म्हणाले, “तुला एक सांगायचंय. आत ना...”

तेवढ्यात आतलं दार उघडलं. वासण्याच्या त्या बाई तपासणी उरकून बाहेर आल्या. सुनेकडे जायचं सोडून त्या तरातरा या दोघांच्या पुढ्यात येऊन थांबल्या आणि लक्ष्मणरावांना म्हणाल्या, “ह्याच का त्या?”

लक्ष्मणरावांनी मान खाली घातली.

“निरुपमाबेन, मी मंदाकिनी. आत माझी अगदी रडारड चालली होती हो. तर तुमचे हे मला धीर द्यायला जे सुरू झाले, ते तासभर थांबले म्हणून नाहीत. तुमचं लग्न, तुमचं भांडण, तुमच्यावाचून यांचं पान कसं हलत नाही, सगळं ऐकवलं मला.” बाई जराशा वाकल्या आणि कौतुकाने निरुपमाबाईंकडे बघत म्हणाल्या, “आणि काय हो, तुम्ही झोपेत हसता म्हणे?”