ग्वेन्लियनबाईंची फुली

या, असे पुढे सरकून बसा. मागच्या बाकांवर आवाज पोचत नाही, आणि आज सांगायची गोष्ट हळू सांगण्याची आहे. लहानशीच आहे, एका घासाएवढी.

त्या रविवारी सामुद्रधुनीकाठच्या चॅपेलात पाळक मेरेदिथ यांचा सूर लागला होता. बोलता बोलता आवाज चढला आणि प्रवचनाचं गाणं झालं. ऐकणारी माणसं जेमतेम नऊ, पण छप्पर भरून गेलं. कथा होती शास्त्रातल्या त्या सेनापतीची, ज्यानं नवस केला होता: जिंकून आलो तर माझ्या दारातून पहिलं जे बाहेर येईल, ते देवा, तुला बळी देईन.

"आणि दार उघडलं!" पाळक गात होते. "दार उघडलं, आणि बाहेर कोण आलं? अरे, त्याची लेक आली, डफ वाजवीत आली!"

तिसऱ्या बाकावर ग्वेन्लियनबाईंनी हातमोजे मुठीत पिळले.

इथली रीत अशी, की प्रभुभोजनाच्या भाकरीला हात लावण्याआधी सेयात, म्हणजे मन मोकळं करायची बैठक, भरते. पाळक एकेकापुढे उभे राहून विचारतात, "जिवाचं कसं काय?" आणि ज्यानं त्यानं खरं सांगायचं. बहुतेक जण हवामानाबद्दल खरं सांगतात.

पाळक खाली उतरत होते, तेवढ्यात शेजारची नेस्टा कानाशी लागली. "आज तुझ्यासाठी तांदळाचा पाव केलाय गं. तीन वर्षं बघतेय, भाकरीचं ताट आलं की तू पुढे सरकवतेस. माझ्या बहिणीलाही गहू सोसत नाही. आधी नाही का बोलायचं, वेडे?"

ग्वेन्लियनबाईंना गहू छान सोसत होता. त्यांनी ताटाकडे पाहिलं. पांढऱ्या रुमालाखाली एक वेगळा, बसका, चिरा पडलेला पाव होता. सकाळी उठून कोणीतरी आपल्यासाठी मळलेला.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे दीर एम्रिस यांची शिंपल्यांची गाडी फ्रान्सच्या दारातून परत आली होती. जिवंत शिंपले, वीस वर्षं जात होते तसेच. "आता तुम्ही बाहेरचे," असं तिथल्या अंमलदारानं सांगितलं. "बाहेरच्यांचे असे घेत नाही." एम्रिसनी होडी विकली. आता ते शाळेची बस चालवतात. भाऊ गेल्यापासून दर रविवारी वहिनीकडे जेवायला येतात, दोन वेळा बटाटे मागून घेतात. ब्रेक्झिटच्या मतदानात वहिनीनं फुली कुठे मारली, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. कळलं तर ती खुर्ची रिकामी राहील, या भीतीनं बाईंची तीन वर्षं गेली होती.

"जिवाचं कसं काय, ग्वेन्लियनबाई?"

त्या उभ्या राहिल्या. "पाळकसाहेब, माझ्या पोटाला काही झालेलं नाही, नेस्टानं पहाटे उठून उगाच वेगळा पाव मळला. मी 'बाहेर'वर फुली मारली होती. मनात हे लपवून भाकर कशी खाऊ?" मग पुढच्या बाकावरच्या टक्कल पडलेल्या डोक्याकडे पाहत म्हणाल्या, "भावजी, मला वाटलं परक्यांच्या होड्या जातील आणि तुम्हाला समुद्र मोकळा मिळेल. तुमच्यासाठीच मारली हो. गाडी परत येईल असं कोणी बोललंच नाही."

मग नेस्टाचा नवरा इद्वाल आपली काठी चाचपत म्हणाला, "मीही तिथेच मारली. मला वाटलं, दवाखान्यात गुडघ्याचा नंबर लवकर लागेल."

"आणि मी नॉर्वेसारखं व्हायचं म्हणून," नेस्टा म्हणाली.

"तू नॉर्वे कधी पाहिलास?" इद्वालनं विचारलं.

"टीव्हीवर. फार स्वच्छ होता."

"मी लंडनवाल्यांची जिरवायला!" मागून म्हातारा टेगिद ओरडला. त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो सगळंच ओरडून सांगतो.

फुली एकच, आणि मागणी प्रत्येकाची निराळी. एम्रिस मात्र वळले नव्हते. ग्वेन्लियनबाईंना नुसतं त्यांचं डोकं दिसत होतं, आणि ते लाल होत चाललं होतं.

"मी 'राहू' म्हटलं होतं," ते शेवटी म्हणाले.

इद्वालनं मान खाली घातली.

"पण कशात राहतोय, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? ब्रुसेल्स नकाशात दाखव म्हटलं तर माझं बोट समुद्रात पडेल. गाडी न्यायला तो डच यायचा ना, हेंद्रिक, तो नाताळात चीज आणायचा. त्याचं तोंड आठवून मारली फुली." ते वळले. डोळे ओले होते, पण मिशी हसत होती. "होडी गेली ती गेली, वहिनी. त्याचा राग मला रोज सकाळी बसच्या आरशात दिसतो. पण तुमच्यावर कसा काढू? आणि या नेस्टाला पहाटे पीठ मळायला लावलंत, त्याचं काय? चला, सरका जरा. इथे गार वारा लागतो."

ते येऊन शेजारी बसले. ताट आलं. ग्वेन्लियनबाईंनी गव्हाचा तुकडा घेतला, मग नेस्टाकडे पाहून तांदळाचाही घेतला. तांदळाचा भलताच वाईट झाला होता. त्यांनी तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, आणि इतकं हलकं वाटलं की बाक घट्ट धरून बसावं लागलं.

शेवटच्या भजनाआधी टेगिदनं सगळ्यांच्या वतीनं ओरडून विचारलं, "आणि पाळकसाहेब, तुमची फुली कुठे?"

मेरेदिथनी घड्याळ पाहिलं. चष्मा पुसला. मग एकदम भजन उचललं, आणि तेही अशा वरच्या पट्टीत, की एकालाही साथ देता येईना. पाचही कडवी ते एकटेच गात राहिले.

बाबांनो, तुम्ही हात जोडाल तेव्हा त्या पाळकांची आठवण ठेवा. सेयातीत ते सगळ्यांना विचारतात, पण त्यांच्यापुढे उभं राहून "जिवाचं कसं काय?" म्हणणारं कोणी नसतं.