पहिला चीक

बाळ होऊन दोन तास झाले होते. हौसाच्या बोटावर दुधाचा पिवळा, चिकट थेंब होता.

सासूने नाक मुरडून राखेचं खापर पुढे सरकवलं. "शी! पुवावानी दिसतंय. ह्यात पिळून टाक. तीन दिस लेकराला गुळाच्या पाण्याचा बोळा दे."

आधीच्या दोन्ही बाळंतपणांत मनात नसताना हौसाने तेच केलं होतं. दोन्ही लेकरं दहा दिवसांत हगवणीने गेली.

काल व्यालेल्या म्हशीचा खरवस थाळीत निवत होता. पिवळी वडी तोंडात टाकत सासू म्हणाली, "रेडकाला बी पोटभर चीक पाजलाय. त्याबिगर जगत न्हाय ते."

हौसाने बोटावरचा थेंब थाळीतल्या खरवसाशी ताडून पाहिला. तिने खापर पायाने लांब ढकललं.

"आत्याबाई, ह्या बारीला मी माझ्या लेकराला पाजणार हाय."