घर बघ

"हॉटेल सोड, घर बघ." आइस हॉकीत नव्या पोराची संघातली जागा पक्की झाली, की व्यवस्थापक एवढंच म्हणतो. व्यवस्थापक ओरेस्टनेही गेल्या वर्षी डॅनिकला तेच सांगितलं होतं. कॅनडातल्या सस्कॅचवानहून डॅनिकची आई आली, तिने संघाच्या निळ्या रंगाचे पडदे शिवून खिडक्यांना लावले, ओरेस्टला बोलावून पोटभर जेवू घातलं. "लेकराला सांभाळा हो," दाराशी म्हणाली. नाताळच्या तोंडावर महागडा बचावपटू घ्यावा लागला. संघाच्या एकूण पगारांवरची लीगची मर्यादा मोडायची सोय नाही, मग डॅनिकलाच खालच्या संघात धाडलं. त्याने खेळच सोडला. आज समोर रेमी उभा होता, डॅनिकसारखाच चपळ फॉरवर्ड. पगार यंदाही मर्यादेला टेकलेले. "सर, बघू ना घर?" पोरानेच विचारलं. "बघ." "बघून ठेवलंय की!" रेमी हसला. "इथून जवळच. खिडक्यांना पडदेसुद्धा आहेत, सर. आपल्याच रंगाचे."