कपाळामागची जागा

ट्रेवरचं ओलं फडकं उचलण्याआधी डॉक्टर विनोदिनी आपटे यांनी विचारलं, "बघवेल ना तुम्हाला?"

"त्येच्यासाठीच आलीय," बनुबाई म्हणाल्या.

त्या सकाळच्या एसटीनं पलूसहून सांगलीला आल्या होत्या. दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या त्या खोलीत उग्र वास कोंडला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्या वासानं.

त्यांचा नवरा ज्ञानू याच दवाखान्यात न्यूमोनियानं गेला, त्याला तीन आठवडे झाले होते. वय चव्वेचाळीस. पासष्टच्या लढाईत मांडीचं हाड मोडलं, दुखणं सोसेना म्हणून मॉर्फिनची इंजेक्शनं सुरू झाली. इंजेक्शनं बंद झाल्यावर अफू. अशी बारा वर्षं. मेंदू तपासायला ठेवून घेऊ का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा बनुबाईंनी कागदावर अंगठा दिला होता. काय दिसलं ते सांगायचं आणि उरेल ते नदीत सोडायला परत द्यायचं, एवढं बोलून घेतलं होतं. तीन आठवडे तो मेंदू बरणीतल्या औषधात दोऱ्याला उलटा टांगलेला होता.

धाकटा दीर केरबा दाराशीच उभा होता. हातात झाकणाचा पितळी डबा.

"किती भरला, बाई?" तो म्हणाला. "आमच्या दादाला अक्कल हुती का न्हवती, त्ये तरी कळू द्या वैनीला."

"अकराशे सत्तर ग्रॅम. या वयाच्या माणसाचा साधारण साडेतेराशे भरतो," डॉक्टर म्हणाल्या. "वजनावरून अक्कल कळत नाही."



फडक्याखाली दोन ट्रे होते.

"ह्यो कुनाचा?"

"अपघातात गेलेल्या एकाचा. वय तेवढंच. आणि हा तुमच्या मालकांचा."

बनुबाई वाकल्या. एकदा या ट्रेकडे, एकदा त्या ट्रेकडे, उसाचं रान बघावं तशा बघत राहिल्या.

"ह्यांच्या सऱ्या रुंद झाल्यात," त्या म्हणाल्या. "वरंबं खचल्यात."

"बरोबर. पुढच्या बाजूला जास्त. कपाळामागे."

"अफूनं?"

"तसं मी लिहून देणार नाही. एका माणसावरून सांगता येत नाही. पण या वयात इतकं झिजलेलं मी पाहिलेलं नाही."

"तितं काय आसतं?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "मनात आलं की माणूस लगेच उठून जात नाही. आतून कुणीतरी थांब म्हणतं. ते काम बरंचसं या जागेचं."

बनुबाईंनी पदर तोंडाशी धरला. मग सोडला.

"लेकीच्या, विजूच्या लग्नात कन्यादानाला हाका मारल्या, तर ह्ये मांडवात न्हाईत. अफू आनाय गेल्यालं. धाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवंना. सगळ्यांनी हात जोडलं. मग भावजींनी पिंडावर अफूची गोळी ठिवली, तवा शिवला. लेक म्हनली, मेल्यावरबी माज्या बापाला आमी नगंच. तशीच साताऱ्याला सासरी गेली. तिला मी काय सांगू?"

"माया कुठं असते, ते मला यात दाखवता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "थांबायची जागा झिजली होती, एवढं सांगा. ते मी पाहिलंय."



"बारा वर्सं मी भाईरनं थांबा म्हनत हुते," बनुबाई म्हणाल्या. "आत ऐकनारं कोन न्हवतं."

तपासणीसाठी चार छोटे तुकडे ठेवून घेऊन डॉक्टरांनी बाकीचा मेंदू पांढऱ्या कापडात गुंडाळला आणि पितळी डब्यात ठेवला. केरबा झाकण लावायला पुढं आला. त्यानं झाकण लावलं नाही. बंडीच्या खिशातून एक पत्र्याची डबी काढली आणि नखानं उघडली. आत काळी गोळी होती, हरभऱ्याएवढी.

"दादाच्या उशाखाली घावली," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "संगं जाऊ द्या, वैनी. न्हाईतर तितंबी धुंडत फिरंल."

त्यानं डबी डब्यावर कलती केली.

बनुबाईंनी मधे हात आडवा धरला.

"थांबा."

केरबा थांबला.