खिडकीतलं गवत

आजीनं ट्रे मांडीवर घेतला आणि शिवणाच्या मोठ्या कात्रीनं गवताचे शेंडे उडवले. कच्च! मग मान कलती करून बघितलं. ससा जेवून उठल्यासारखं दिसतंय का? दिसत होतं. शाळेत जाणाऱ्या पोराचे केस कापल्यासारखं दिसत होतं, पण चालून गेलं असतं.

"आई, किती दिवस चालणार हे नाटक?" सुनेनं दारातून विचारलं.

"पोरीची परीक्षा होईस्तोवर. तू फोटो काढ आणि गप्प बस. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

सुनेनं फोटो काढला. पिंजऱ्याकडे बघायचं तिनं टाळलं. पिंजरा रिकामा होता.

नात दूर शिकायला गेली तेव्हा वसतिगृहाच्या नावानं रडून रडून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी ससा आजीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "हा तुझ्याकडे सुखात असेल तर मी राहीन तिकडे." मग गवत कसं पेरायचं ते शिकवलं. गहू घरातलेच घ्यायचे, पेरणीच्या बियाण्याला औषध चोपडलेलं असतं. रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड आले की मातीवर पसरायचे. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, बुरशी धरते. एक ट्रे संपेस्तोवर दुसरा तयार पाहिजे. कोथिंबीर, पुदिना चालेल. "आणि आजी, कोपऱ्यातल्या त्या शोभेच्या झाडाचं पान चुकूनसुद्धा द्यायचं नाही. विषारी असतं ते."

आजीनं सगळं अगदी तस्सं केलं. गवत असं माजलं, की खिडकी लावायची तर आधी त्याची परवानगी काढावी लागायची. पण आजीला एक खोड होती. कुणी रोज तेच ते खातंय, हे तिला बघवायचं नाही. एका दुपारी ससा ट्रेकडे पाठ करून बसला आणि आजीचा जीव कळवळला. "कंटाळलास रे बाळा? मीसुद्धा कंटाळले असते." कोपऱ्यात पांढऱ्या ठिपक्यांची रुंद पानं डुलत होती. एवढुसं पान, त्यानं काय होतंय! सशानं ते तिच्या हातातून ओढूनच घेतलं.

संध्याकाळी त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. जनावरांच्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत तो तिच्या मांडीवर गार पडला होता.

सुनेनं त्याच पावली ते झाड कुंडीसकट बाहेर काढलं. फरशीवर कुंडीचा गोल डाग उरला. आजीनं तो घासला, साबणानं घासला, दगडानं घासला. जाईना. आणि आजीच्या घशाखाली घास उतरेना. सून समोर ठाण मांडून बसली तरी ताट तसंच परत जायचं.

संध्याकाळी नातीचा फोन आला, की मात्र आजी उठून बसायची.

"अगं, तुझ्या सशानं आज फ्रीज ढकलला! मागे गाजर पडलं होतं म्हणून. इतका लठ्ठ झालाय, की जिना चढायला लागला तर खालचे लोक भूकंप झाला म्हणून बाहेर पळतात. बातम्या बघतो माझ्याबरोबर. वाईट बातमी आली की एक कान पाडतो. काल दोन्ही पाडले, मी टीव्हीच बंद केला."

पलीकडे नात खदाखदा हसायची. "मग त्याचा फोटो पाठव की!"

"नको बाई, लाजतो. पोट सुटलंय ना! मोबाइल दिसला की कपाटाखाली. तू त्याचं ताट बघ. कसं साफ केलंय!"

आणि ट्रेचा फोटो जायचा.

परीक्षा संपली आणि नात न सांगता दारात येऊन उभी राहिली. आजीनं एक लांबलचक थाप कधीची रचून ठेवली होती. सशाला दूरचं स्थळ आलं, मुलगी पांढरीशुभ्र, घरचे लोक चांगले. पण पोरगी समोर दिसली आणि आजी ती थाप साफ विसरली.

नात पिंजऱ्याकडे गेलीच नाही. सरळ खिडकीशी गेली आणि कापलेल्या गवतावरून तळहात फिरवला.

"ससा दात लावतो तेव्हा पात तिरकी तुटते, आजी. हे सगळं सपाट आहे."

आजीनं विचारलं, "कधी कळलं तुला?"

"पहिल्याच फोटोत."

मग तिची नजर कोपऱ्यात गेली. झाड नव्हतं. फरशीवर गोल डाग होता. ती डागाकडे बघत राहिली, मग आजीच्या हातांकडे. घासून घासून बोटांची सालटं निघाली होती. आजीनं हात पाठीमागे लपवले.

नातीनं बाहीला नाक पुसलं.

"हावरट होता मेला," ती म्हणाली. "तुझ्या हातचं काहीही खायचा."

आता आजीचा बांध फुटला. हुंदक्यांतच तिनं विचारलं, "माहीत होतं, तर रोज फोन करून माझ्या थापा कशाला ऐकत होतीस गं?"

"आई म्हणाली, फोन ठेवला की त्यानंतरच तू दोन घास खातेस."

आजी सुनेकडे बघायला लागली. सून खाली मान घालून उगाच टेबल पुसत होती.

सुटी संपली. बॅग खांद्याला लावून नात निघाली. दारातून परत आली, कात्री उचलली आणि आजीच्या हातात दिली.

"उद्यापासून जरा तिरकी धरत जा. आणि संध्याकाळी सांग मला, स्वारीनं आज काय ढकललं ते."