पत्रातलं इंग्रजी

"‘कोल्ड फीट’ म्हणजे काय, सर?" कुसुमनं वही उघडत विचारलं.

गोविंदराव तेरदाळकरांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसायला घेतला. पस्तीस वर्षं धारवाडच्या शाळांतून इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आता मळमड्डीतल्या घरी शिकवण्या घेत होते. शब्दाचा अर्थ सांगताना ते कधी अडले नव्हते. आज अडले.

"कुठं वाचलंस हे?"

"पत्रातलं आहे."

सरांना तेवढं पुरे होतं. कुसुम आठवड्यातून दोनदा हुबळीच्या केशवापुरातून बसनं यायची. तिचे वडील परशुराम शिरोळकर भांड्यांचे व्यापारी. दोन वर्षांपूर्वी श्रीकांतशी तिचा साखरपुडा झाला आणि महिन्याभरात तो अमेरिकेला गेला. जाताना बजावून गेला, आता पत्रं इंग्रजीतच लिहायची, तिकडं येऊन मुक्यासारखं बसायचं नाही. त्यानंतर लग्नाची तारीख दोनदा पुढं गेली होती.

लग्न ठरलेल्या माणसाच्या पत्रात ‘कोल्ड फीट’ कशाला येतात, हे सरांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

"थंडीनं पाय गारठणं," ते म्हणाले. "तिकडं बर्फ पडतो ना."

कुसुमनं लिहून घेतलं.

पुढच्या खेपेला ती आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "सर, मी लायब्ररीत कोश बघितला. ऐन वेळी कच खाणं, असा अर्थ आहे."

सरांचे कान तापले. "हो. तसाही होतो."

"मला खरा अर्थ सांगत चला. मी रडत बसणाऱ्यातली नाही."

आवाज चढलेला नव्हता. पण आजवर कुठल्या विद्यार्थ्यानं त्यांना असं सुनावलं नव्हतं. गंमत म्हणजे त्यांना राग आला नाही.

त्या दिवसापासून त्यांनी लपवाछपवी सोडली. तिनं ‘स्ट्रिंग अलाँग’ विचारलं. धड हो म्हणायचं नाही, धड नाही म्हणायचं नाही, एखाद्याला नुसतं झुलवत ठेवायचं, त्यांनी सांगितलं. ‘कॉल इट ऑफ’ विचारलं. ठरलेलं मोडायचं, त्यांनी सांगितलं. ती मान डोलवायची आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य करून दाखवायची. वाक्यं बिनचूक असत. शाबासकी द्यावी असं काम, पण सर नुसती बरोबरची खूण करत.

एकदा तिनं विचारलं, "शेवटी ‘नो हार्ड फीलिंग्ज’ लिहिलं तर ते उद्धट वाटतं का?"

"उद्धट नाही. मनात अढी नसावी, एवढाच अर्थ. पण लिहिणाऱ्याला सोपं जातं, वाचणाऱ्याला नाही."

तिनं वहीत काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं.

दिवाळीनंतर तिनं शिकवणी थांबवली. वाकून नमस्कार केला. "माझं काम झालं, सर. तुमच्यामुळं झालं." सरांना दारात उभं राहवेना. हिच्या वडलांच्या कानावर आधीच घालायला हवं होतं, असं त्यांना वाटत राहिलं. दोनदा ते बसस्टँडपर्यंत गेले आणि परत आले.

महिन्याभरानं परशुराम शिरोळकरांचंच पोस्टकार्ड आलं. एक इंग्रजी पत्र वाचून घ्यायचंय, मुलीला कळू देऊ नका.

गोविंदराव दुसऱ्याच दिवशी केशवापुरात पोचले.

"बर्री सर, कूड्री," परशुरामांनी खुर्ची पुढं ओढली आणि दार लोटून घेतलं.

"कुसुम कुठं आहे?"

"कसल्याशा क्लासला जाते म्हणते. सकाळी जाते ती सहालाच येते." त्यांनी कपाटातून पाकीट काढलं. अमेरिकेचं तिकीट, वर परशुरामांचं नाव. "श्रीकांतकडनं आलंय. दरवेळी तो मला चार ओळी मराठीत लिहितो. या वेळी आत हा एकच कागद, तोही टाइप केलेला. मला इंग्रजीचं अक्षर लागत नाही. बाजारात कुणाला दाखवू?"

सरांनी कागद हातात घेतला. पत्राला मायना नव्हता. पहिल्या दोन ओळींवर नजर फिरली आणि त्यांनी मनाशी ठरवलं, या वेळी काही मऊ करून सांगायचं नाही. ते एकेक वाक्य मराठीत सांगू लागले.

"‘दोन वर्षं हे सगळं नुसतं झुलत राहिलंय. आता पुरे. मी हे लग्न मोडतो आहे.’"

परशुरामांनी डोळे मिटले. "पुढं सांगा."

"‘ऐन वेळी कच खाल्ली, असं समजू नये. पुष्कळ विचार केला आहे. मला इथं चांगली नोकरी मिळाली आहे. मी इथून हलणार नाही.’"

"तिथंच राहणार म्हणतो. बरोबर आहे, त्याला काय कमी!" परशुरामांनी मूठ गुडघ्यावर आपटली. "आणि माझ्या पोरीनं दोन वर्षं वाट बघितली, त्याचं काय?"

"‘मनात अढी नसावी. आपापल्या वाटेनं जाऊ या.’" सर थांबले. कागद खाली धरत म्हणाले, "संपलं."

बाहेर रिक्षा थांबली, कुणीतरी उतरलं, रिक्षा गेली.

"पोरीला हे कुठल्या तोंडानं सांगू, सर?"

"मी सांगतो," गोविंदराव म्हणाले. "ती ऐकून घेईल. मला खात्री आहे."

"खाली सही तरी केलीय का? का तेवढीही हिंमत नाही त्याच्यात?"

सरांनी कागद उलटला. मागच्या बाजूला, वर कोपऱ्यात, निळ्या शाईनं ठसठशीत इंग्रजी अक्षरांत सही होती. कुसुम परशुराम शिरोळकर.